जेत्यांच्या कचेरीतली नोकरी: ताब्यातल्या जपानमधील कर्मचारीभरतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानबद्दल बोललं की मॅकआर्थर, अणुबाँब आणि नवी राज्यघटना यांच्यावरचे प्रश्न येणार हे ठरलेलं असतं. पण त्याहून जास्त प्रश्न येतात ते साध्या गोष्टींचे. त्या सरकारात काम कोण करत होतं? त्यांना कुणी नेमलं? पगार कोण देत होतं? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं विचारतात, निवृत्त सरकारी कर्मचारीही विचारतात, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या गटाचे प्रश्न जास्त नेमके असतात. आस्थापना विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला कुठे बोट ठेवायचं ते कळतं. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे परत न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जपान अमेरिकेच्या ताब्यात होता म्हणजे राज्य नेमकं कोण करत होतं?

कागदोपत्री दोस्त राष्ट्रं, प्रत्यक्षात अमेरिका, आणि रोजच्या कारभारात जपानी सरकारच. शरणागतीवर २ सप्टेंबर १९४५ रोजी सह्या झाल्या. जनरल डग्लस मॅकआर्थर हा दोस्त राष्ट्रांचा सर्वोच्च सेनापती. त्याचं मुख्यालय, म्हणजे जीएचक्यू, टोकियोत राजवाड्याच्या खंदकासमोरच्या दाइ-इची विमा कंपनीच्या इमारतीत होतं. २८ एप्रिल १९५२ ला सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार लागू झाला आणि हा अंमल संपला. या काळात जपानी मंत्रिमंडळ, खाती, कारकून, पोलीस सगळे जागेवर होते. जीएचक्यू त्यांना हुकूम सोडायचं आणि अंमलबजावणी त्यांनी करायची.

मुळात बेत वेगळा होता. थेट लष्करी राजवट लावण्याचे जाहीरनामे छापून तयार होते आणि त्यात लष्करी सरकारच्या कामकाजाची भाषा इंग्रजी असेल असंही म्हटलं होतं. जपानी परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु ३ सप्टेंबरला मॅकआर्थरला भेटले आणि ते जाहीरनामे मागे घेतले गेले. एका भेटीत भरतीचं अख्खं गणित बदललं. थेट राजवट आली असती तर प्रत्येक जिल्ह्याला अमेरिकी कलेक्टर लागला असता.

२. सरकार जपानीच होतं, तर अमेरिकेला हजारो माणसं कशाला लागली?

हुकूम सोडायला माणूस लागतो, तो पाळला गेला का हे बघायला त्याहून जास्त माणसं लागतात. जीएचक्यूमध्ये शासन, अर्थकारण, शेती व नैसर्गिक साधनसंपत्ती, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण व माहिती असे विभाग होते, म्हणजे जवळजवळ सावलीतलं मंत्रिमंडळच. शिवाय अमेरिकेच्या आठव्या सेनेच्या हाताखाली प्रत्येक प्रांतात एकेक छोटं पथक. शाळेत कोणतं पाठ्यपुस्तक चाललंय, धान्याची वसुली किती झाली, लसीकरण कुठवर आलं, हे त्या पथकातले मोजके अधिकारी जीप घेऊन बघत फिरायचे. बहुतेकांना भाषा येत नव्हती. सोबतचा दुभाषी जे सांगेल तो अहवाल.

३. ही माणसं आधीपासून शिकवून तयार केली होती का?

हो, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. मे १९४२ मध्ये, युद्ध कुणीकडे झुकेल याचा पत्ता नसताना, अमेरिकी लष्कराने व्हर्जिनिया विद्यापीठात, शार्लट्सव्हिल इथे लष्करी प्रशासनाची शाळा काढली. पुढे जपानसाठी हार्वर्ड, येल, शिकागो, मिशिगन, स्टॅनफर्ड, नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत वर्ग चालले. वकील, नगरपालिकेतले अधिकारी, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, बँकवाले, पोलिसांतले लोक यांना गणवेश चढवून जपानी भाषा, भूगोल आणि कारभार शिकवला.

गंमत अशी की हे सगळं शिक्षण थेट राजवटीसाठी होतं, आणि ती राजवट आलीच नाही (प्रश्न १). म्हणून टोकियोत धोरण ठरवणारी माणसं वेगळ्याच वाटांनी आली आणि शिकवून तयार केलेल्यांपैकी अनेकजण प्रांतातल्या पथकांत गेले. शासनाचा पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण प्रशिक्षण एका पदाचं आणि नेमणूक दुसऱ्याच पदावर, हा प्रकार वाचून आपल्याकडचा कुठलाही सरकारी नोकर ओळखीचं हसेल.

४. हे लोक लष्करी होते की मुलकी?

सुरुवातीला लष्करी, नंतर झपाट्याने मुलकी. युद्ध संपल्यावर सैनिकांना गुणांच्या हिशोबाने घरी सोडणं सुरू झालं. किती काळ सेवा, किती काळ परदेशात, मुलं किती, यांचे गुण. ज्यांचे गुण भरले ते पहिल्या बोटीने निघाले, आणि अनुभवी माणूस बहुतेक वेळा तोच असायचा. जागा रिकाम्या पडायला लागल्या. त्यावर तोडगा असा काढला की अधिकाऱ्याने जपानमध्येच सैन्यातून मुक्त व्हायचं आणि त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत युद्धखात्याचा मुलकी नोकर म्हणून बसायचं. गणवेश गेला, काम तेच.

याचं एक छोटं उदाहरण. १९४६ च्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराच्या महिला दलातल्या तेरा जणी भाषांतराच्या कामासाठी टोकियोला पोचल्या. बहुतेक जपानी वंशाच्या. महिला सैनिकांनी इथे राहणं मॅकआर्थरला मान्य नव्हतं. त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले गेले, परत जा किंवा सैन्य सोडून वर्षभराच्या मुलकी करारावर इथेच काम करा. त्यांनी करारावर सह्या केल्या.

५. मुलकी पदासाठी पात्रता काय असायची? परीक्षा होती का?

लोकसेवा आयोगासारखी परीक्षा डोळ्यांसमोर असेल तर नाही. टोकियोतल्या विभागप्रमुखाने माणूस मागायचा, वॉशिंग्टनने शोधायचा, असं ते चालायचं. जपान माहीत असलेली माणसं इतकी कमी होती की एखादा प्रबंधसुद्धा नेमणुकीला पुरायचा. थिओडोर कोहेन याने कोलंबिया विद्यापीठात जपानी कामगार चळवळीवर प्रबंध लिहिला होता. तेवढ्या भांडवलावर तिशीही न गाठलेला हा माणूस जानेवारी १९४६ मध्ये जीएचक्यूच्या कामगार विभागाचा प्रमुख झाला. जपानमधल्या सगळ्या कामगार संघटनांचं भवितव्य त्याच्या टेबलावर.

काही नेमणुका मात्र फार विचाराने झालेल्या दिसतात. आल्फ्रेड ओप्लर हा जर्मनीतला न्यायाधीश. ज्यू वंशाचा म्हणून नाझींनी त्याला काढलं, तो अमेरिकेला गेला. जपानी त्याला येत नव्हती. पण जपानचे कायदे जर्मन धर्तीवर बेतलेले होते आणि अमेरिकी वकिलांना ती पद्धतच कळत नव्हती. म्हणून न्यायव्यवस्था आणि कायद्यांच्या सुधारणेचं काम त्याच्याकडे आलं. माझ्या मते त्या साऱ्या भरतीतली ही सर्वांत हुशारीची निवड. भाषा दुभाषा सांभाळतो, कायद्याची चौकट दुभाष्याला सांभाळता येत नाही.

तसाच वुल्फ लाडेजिन्स्की. युक्रेनमध्ये जन्मलेला, अमेरिकी कृषी खात्यातला आशियाच्या शेतीचा अभ्यासक. जपानच्या जमीन सुधारणेमागचं डोकं मुख्यतः त्याचं. हाच माणूस पुढे दिल्लीत जागतिक बँकेसाठी काम करत होता आणि १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात फिरून त्याने त्यावर लिहिलं. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांकडे पाहणाऱ्या या पाहुण्याने एकेकाळी जपानी कुळांना जमिनी मिळवून दिल्या होत्या, हे तेव्हा किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

६. बावीस वर्षांच्या मुलीने जपानची राज्यघटना लिहिली, हे खरं का?

अख्खी घटना नाही, स्त्रियांच्या हक्कांची कलमं. आणि हो, खरं आहे. बीएटे सिरोटा व्हिएन्नात जन्मली, टोकियोत वाढली. वडील लिओ सिरोटा पियानोवादक. ती शिकायला अमेरिकेत गेली आणि युद्धामुळे आईवडील जपानमध्ये अडकले. युद्ध संपलं तेव्हा साध्या नागरिकाला जपानमध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं. लष्कराची नोकरी हा एकच मार्ग. जपानी अस्खलित, त्यामुळे नोकरी लगेच मिळाली आणि डिसेंबर १९४५ मध्ये ती पोचली. म्हणजे नोकरी हे निमित्त होतं, शोध आईवडिलांचा होता.

४ फेब्रुवारी १९४६ ला शासन विभागाच्या लोकांना बोलावून सांगण्यात आलं की घटनेचा मसुदा आपणच करायचा आहे, मुदत आठवड्याची, आणि बाहेर चकार शब्द नाही. चार्ल्स केडिस या वकील कर्नलच्या हाताखाली दोन डझनांच्या आसपास माणसं. सिरोटाने जीप मागवली आणि टोकियोतल्या जी ग्रंथालयं बॉम्बहल्ल्यातून वाचली होती तिथून निरनिराळ्या देशांच्या घटना गोळा केल्या. एकाच ग्रंथालयातून सगळ्या घेतल्या असत्या तर संशय आला असता, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी फिरली. विवाह दोघांच्या संमतीनेच, पतिपत्नीचे हक्क समान, हे आजच्या चोविसाव्या कलमाचं मूळ तिच्या मसुद्यात आहे.

४ मार्चला जपानी अधिकाऱ्यांबरोबर मसुद्याच्या भाषांतराची बैठक सुरू झाली आणि ती सुमारे तीस तास चालली. सिरोटा तिथे दुभाषी म्हणून बसली होती. दुभाषी म्हणून ती जपानी बाजूलाही मदत करत होती, त्यामुळे त्यांच्या मनात तिच्याविषयी सद्भाव होता. स्त्रियांच्या कलमावर रात्री उशिरा वाद निघाला तेव्हा केडिसने त्याच सद्भावाचा उपयोग करून कलम पार पाडलं. ज्या बाईची भाषा उपयोगी पडतेय तिच्याच मनातलं हे कलम आहे असं कळल्यावर समोरच्यांना फार ताणता येईना. भाषा येणारा माणूस टेबलावर बसला की काय होतं, ते या एका रात्रीत दिसतं.

७. जपानी भाषा येणारे अमेरिकी होते तरी किती?

फार थोडे, आणि बाकीच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथेच आहे. लष्कराने नोव्हेंबर १९४१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गुपचूप भाषाशाळा काढली. उमेदवार म्हणून डोळ्यांसमोर होते निसेई, म्हणजे अमेरिकेत जन्मलेली जपानी स्थलांतरितांची मुलं. घरात जपानी बोलत असणारच, असा हिशोब. पहिल्या ३७०० जणांची चाचणी घेतली तेव्हा जेमतेम ३ टक्के अस्खलित निघाले. पुण्यामुंबईबाहेर, परदेशात वाढलेल्या मराठी मुलांची मराठी ऐकली असेल त्यांना या आकड्याचं नवल वाटणार नाही. जी मुलं शिक्षणासाठी काही वर्षं जपानला पाठवली गेली होती ती खरी उपयोगाची, पण लष्कराला नेमका त्यांचाच संशय.

शाळा पुढे मिनेसोटात हलवावी लागली, कारण १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सगळ्यांना हुसकावून छावण्यांत कोंडलं गेलं. सुमारे १ लाख २० हजार माणसं. म्हणजे शिपाई वर्गात बसून शत्रूची भाषा गिरवतोय आणि त्याचे आईवडील त्याच सरकारच्या काटेरी कुंपणाआड. या शाळेतून सुमारे ६००० जण बाहेर पडले. ताब्यातल्या जपानचा गाडा मुख्यतः त्यांनी ओढला.

बोलता येणं वेगळं, वाचता येणं वेगळं. हाताने लिहिलेली जलद जपानी लिपी वाचणं म्हणजे आपल्याकडे छापील देवनागरी येणाऱ्यासमोर मोडीचं दफ्तर टाकण्यासारखं. त्यासाठी शेवटी जपानी माणूसच लागायचा.

८. इतकं अवलंबून असून निसेईंवर विश्वास होता का?

कामापुरता. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यातली दुभाष्यांची उतरंड बघा. प्रत्यक्ष भाषांतर जपानी दुभाषे करायचे. त्यांच्यावर लक्ष ठेवायला निसेई तपासनीस. आणि वाद झाला तर निकाल द्यायला गोरे अमेरिकी अधिकारी, ज्यांची जपानी अनेकदा खालच्या दोघांपेक्षा कच्ची. वर जावं तशी भाषा कमी, अधिकार जास्त.

(भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल याच खटल्यात होते, म्हणून त्यांच्याविषयी दर वेळी विचारणा होते. ते न्यायाधीश मंडळातले सदस्य होते, जीएचक्यूचे कर्मचारी नव्हेत.)

९. सामान्य जपानी माणसाला तिथे कुठली नोकरी मिळायची? पगार कोण द्यायचं?

टंकलेखक, दुभाषी, ड्रायव्हर, आचारी, वाढपी, सुतार, गोदी कामगार, बॉयलरवाला, धोबी, अधिकाऱ्यांच्या घरातल्या मोलकरणी. सगळे मिळून लाखांच्या घरात. शहरं जळालेली, सैन्यातून लाखो बेकार परत आलेले, रेशनवर पोट भरत नव्हतं. अशा वेळी तळावरच्या खाणावळीतलं उरलंसुरलं घरी नेता येणं हा पगाराइतकाच मोठा लाभ होता. इंग्रजी संभाषणाची एक चोपडी १९४५ च्या शरदात निघाली आणि काही महिन्यांत लाखांनी खपली, ती काही वाङ्मयाच्या प्रेमापोटी नव्हे.

पगाराचं उत्तर ऐकून लोक चमकतात. पगार जपानी सरकार द्यायचं. ‘युद्धसमाप्ती खर्च’ या नावाचं लेखाशीर्षच अंदाजपत्रकात होतं आणि सुरुवातीच्या काळात त्याने अंदाजपत्रकाचा तिसरा हिस्सा खाल्ला. अधिकाऱ्यांची घरं बांधणं, त्यांना कोळसा पुरवणं, त्यांच्या बायकामुलांच्या घरात मोलकरीण ठेवणं, सगळं त्यातूनच. अमेरिकी लष्कराने मागणी नोंदवायची, जपानी यंत्रणेने माणसं हजर करायची. कामावर हुकूम एकाचा, हजेरीपट दुसऱ्याचा.

१०. मग कामगाराचा मालक कोण? काढून टाकलं तर दाद कुठे?

कागदावर जपानी सरकार. पण तळावरच्या सार्जंटने ‘हा नको’ म्हटलं की नको. आपल्याकडे कंत्राटदारामार्फत मोठ्या कारखान्यात काम करणाऱ्याला ही अवस्था नव्याने समजावून सांगायला नको. तळांवरच्या कामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या, कारण जीएचक्यूनेच संघटनांना उत्तेजन दिलं होतं. पण १ फेब्रुवारी १९४७ चा सार्वत्रिक संप मॅकआर्थरने आदल्या दिवशी बंद पाडला आणि १९४८ मध्ये सरकारी नोकरांचा संपाचा हक्कच काढून घ्यायला लावला. संघटना करा, पण काम थांबवू नका, असा एकूण अर्थ.

११. आपल्याच लोकांची पत्रं फोडायला जपानी माणसं कशी तयार झाली?

पोटासाठी. जीएचक्यूच्या सेन्सॉर खात्यात ऐन भरात सहा हजारांवर माणसं होती आणि त्यातली बहुसंख्य इंग्रजी येणारी जपानी. विद्यार्थी, प्राध्यापक, परतलेले व्यापारी. पत्रं उघडायची, मासिकांची मुद्रितं वाचायची, संशयास्पद मजकूर इंग्रजीत उतरवून वर पाठवायचा. सेन्सॉर आहे हेही छापायला बंदी होती, त्यामुळे काळे फासलेले रकाने दिसायचे नाहीत, वाक्यं नुसती गायब व्हायची. हे काम करणाऱ्यांतले बरेचजण त्याबद्दल पुढे आयुष्यभर गप्प राहिले. हे खातं १९४९ च्या अखेरीस गुंडाळलं गेलं.

१२. स्त्रियांना फसवून भरती केल्याचं वाचलं. त्यात तथ्य आहे का?

आहे, आणि ती भरती अमेरिकी लष्कराने नव्हे, जपानी सरकारच्या प्रेरणेने सुरू झाली. ऑगस्ट १९४५ मध्ये, पहिला अमेरिकी सैनिक उतरण्याआधीच, परक्या सैनिकांसाठी वेश्यालयं चालवणारी संस्था उभारली गेली. बाकीच्या ‘चांगल्या घरच्या’ स्त्रिया वाचाव्यात हे त्यामागचं उघड बोललं गेलेलं कारण. जाहिरातींत राहण्याजेवणाची सोय, कपडे अशी आश्वासनं असायची, कामाचं स्वरूप मोघम. घरदार जळालेल्या मुली यात सापडल्या. १९४६ च्या पूर्वार्धात ही ठिकाणं सैनिकांना बंद झाली, तीही मुख्यतः गुप्तरोगांच्या फैलावामुळे. मुलींच्या कणवेने नव्हे.

१३. युद्ध पेटवणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांना नोकरीतून काढलं नाही का?

४ जानेवारी १९४६ च्या हुकमाने दोन लाखांहून जास्त लोकांना सार्वजनिक पदांवर बंदी झाली. पण त्यातले बहुतेक लष्करातले. मुलकी नोकरशाहीला फारच थोडी झळ लागली, कारण उघड आहे: कारभार त्यांच्याच हातून करून घ्यायचा होता (प्रश्न १). नोकरशहांना चाळणी लावली असती तर त्यांची जागा घ्यायला माणसं नव्हती (प्रश्न ७).

अपवाद आणखी बोचरा आहे. मॅकआर्थरचा गुप्तवार्ता प्रमुख चार्ल्स विलोबी याने जपानी सेनेतले वरिष्ठ अधिकारी, त्यात युद्धमोहिमा आखणारा कर्नल हात्तोरी ताकुशिरोसुद्धा, युद्धाचा इतिहास लिहिण्याच्या कामावर ठेवून घेतले. शाळामास्तरची चौकशी आणि कर्नलला टेबलखुर्ची.

१४. अमेरिकी कर्मचाऱ्यांनाही काढलं जायचं का?

राजरोस काढण्यापेक्षा पुढची दारं बंद व्हायची. एलिनॉर हॅडली ही अर्थशास्त्रज्ञ १९४६ मध्ये आली आणि झाइबात्सु, म्हणजे जपानचे बडे उद्योगघराणे, मोडण्याच्या कामावर होती. विलोबीला जीएचक्यूत डावे घुसल्याचा संशय. हॅडलीचं नाव त्याच्या यादीत गेलं आणि मायदेशी परतल्यावर तिला सरकारी नोकरी मिळेना. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. तिला सुरक्षेचा दाखला परत मिळायला दीड दशकाहून जास्त काळ गेला. लाडेजिन्स्कीलाही (प्रश्न ५) १९५४ मध्ये कृषी खात्याने ‘सुरक्षेला धोका’ ठरवून काढलं. जपानमध्ये त्याने कुळांना जमिनी दिल्या त्या साम्यवादाला पाय रोवता येऊ नये म्हणून.

१५. जर्मनीतही असंच होतं का?

नाही, तिथे उलटं. तिथे सरकारच उरलं नव्हतं, म्हणून खालपासून माणसं नेमावी लागली. अमेरिकी भागात नोकरी हवी असेल तर १३१ प्रश्नांचा फॉर्म भरायचा. कुठल्या संघटनेत होतात, १९३२ मध्ये मत कुणाला दिलंत, इथपर्यंत. सप्टेंबर १९४५ च्या आठव्या कायद्याने नाझी पक्षाच्या सदस्याला खासगी उद्योगातही साध्या मजुरीपलीकडचं काम द्यायला बंदी झाली. फॉर्मवर खोटं लिहिलेलं पकडता यायचं, कारण पक्षाच्या सदस्यांची लाखो कार्डं लगद्यासाठी म्युनिकजवळच्या कागद गिरणीत पाठवली गेली होती आणि मालकाने ती नष्ट न करता दडवून ठेवली.

तरीही नेमणुकीची खात्री नव्हती. अमेरिकनांनी कोलोनच्या महापौरपदी बसवलेल्या कोनराड आडेनाउअरना ब्रिटिशांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये अकार्यक्षम म्हणून काढलं. चार वर्षांनी ते पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले.

१६. दक्षिण कोरिया?

सर्वांत वाईट तयारी तिथली. कोरिया तोवर जपानच्या ताब्यात होता. अमेरिकी जनरल हॉज सप्टेंबर १९४५ मध्ये उतरला आणि सोयीसाठी जपानी गव्हर्नर जनरललाच काही दिवस पदावर ठेवलं. ज्यांच्यापासून सुटका झाली म्हणून लोक नाचत होते त्यांनाच! ओरड झाल्यावर त्याला हटवलं. मग इंग्रजी येणाऱ्या, बहुधा श्रीमंत घरच्या कोरियनांचं फावलं. लोक त्या कारभाराला ‘दुभाष्यांचं सरकार’ म्हणायचे.

१७. इराकमध्ये २००३ साली जपानचा धडा का गिरवला नाही?

बोलताना जपानचं नाव घेतलं, करताना जर्मनीचा आठवा कायदा आठवला. १६ मे २००३ च्या अमेरिकी प्रशासनाच्या पहिल्याच आदेशाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणीतले लोक नोकरीतून गेले, आठवड्याने दुसऱ्या आदेशाने सैन्य बरखास्त. जर्मनीत बंदीमागे लाखोंची फौज आणि वर्षानुवर्षांची तयारी होती. बगदादमध्ये कंत्राटी, काही महिन्यांसाठी आलेले, अरबी न येणारे तरुण होते, आणि त्यांच्यातल्या काहींची निवड कामापेक्षा पक्षनिष्ठा बघून झाली होती. शार्लट्सव्हिलसारखी शाळा काढायला कुणाला सवड नव्हती.

१८. जपान ताब्यात घेणाऱ्यांत मराठा पलटण होती म्हणतात. ते राज्यकारभारात होते का?

होती. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेत २६८ वी भारतीय ब्रिगेड १९४६ मध्ये जपानला गेली. त्यात पहिली पंजाब रेजिमेंटची पाचवी, पाचव्या रॉयल गुरखा रायफल्सची दुसरी आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. पुढे सरसेनापती झालेले थिमय्या या ब्रिगेडचे कमांडर होते. कारभाराचं उत्तर मात्र नाही. राष्ट्रकुलाच्या फौजेकडे पहारा, गस्त, दारूगोळा नष्ट करणं अशी कामं होती. त्यांच्या इलाख्यातसुद्धा प्रशासनाची पथकं अमेरिकीच (प्रश्न २). स्वतंत्र भारताने हे सैन्य १९४७ मध्ये मायदेशी आणलं.

१९. आपल्याकडे युद्धानंतर अशी भरती कधी झाली?

दोनदा, आणि दोन्ही वेळा गोष्ट वेगळी. पेशवाई पडत असताना ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. वतनं, इनामं चालू राहतील, बाजीरावाची नोकरी दोन महिन्यांत सोडून घरी या. कलेक्टर म्हणून बहुतेक लष्करी कप्तान नेमले, पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज. खाली मामलेदार, पाटील, कुलकर्णी जुन्याच वळणाचे. मोठा बदल एकच, बाजीरावाच्या काळातला महसुलाचा मक्ता बंद करून मामलेदाराला ठरावीक पगार. कारण तेच जे टोकियोत, मोडी वाचणारा दुसरा कोण होता?

हैदराबादेत सप्टेंबर १९४८ नंतर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर आणि द. श. बखले मुख्य मुलकी प्रशासक. इथे जुन्या नोकरशाहीवर भरवसा नव्हता, म्हणून मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतांतून अधिकारी मोठ्या संख्येने प्रतिनियुक्तीवर आणले. दफ्तर उर्दूत, साहेब नवखे. मराठवाड्यात मुक्तीचा आनंद होताच, पण ‘बाहेरून आलेल्यांनी जागा अडवल्या’ ही कुरबुरही लवकरच सुरू झाली आणि १९५२ मध्ये हैदराबादेत मुलकी-गैरमुलकीचं, म्हणजे स्थानिक विरुद्ध बाहेरचे असं, आंदोलन पेटलं.

२०. माझे आजोबा मराठा पलटणीतून जपानला गेले होते. नोंद कुठे शोधू?

आधी घरात शोधा. सेवामुक्तीचं पुस्तक, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, जुनी पेन्शनची कागदपत्रं. सैनिक क्रमांकाशिवाय पुढे काही हलत नाही. तो मिळाला की मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला लेखी अर्ज करा, नातं सिद्ध करणाऱ्या कागदांच्या प्रती जोडून. अर्जाचा नमुना आणि मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळतं. फोटोंसाठी ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाचा ऑनलाइन संग्रह बघा. राष्ट्रकुलाच्या या फौजेचे बरेच फोटो तिथे आहेत आणि भारतीय सैनिकही त्यांत दिसतात. नावं मात्र बहुधा दिलेली नसतात, त्यामुळे घरातला एखादा जुना फोटो शेजारी ठेवून बघावं लागतं.